टिटवाळ्याचा कारभारी कोण?

कल्याण ते वाशिंद हा रेल्वेमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी खुला झाला. कल्याणची नगरपालिकाही १८५५ मधलीच. आगगाडी त्या वर्षीच टिटवाळ्याच्या शिवारातून धावू लागली. कल्याणचा शहरी कारभार मात्र शहाड आणि आंबिवली ओलांडून टिटवाळ्यात यायला १ ऑक्टोबर १९८३ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. कल्याण, डोंबिवली आणि अंबरनाथ या शहरांबरोबर आसपासची गावे तिच्यात घेण्यात आली. काळू नदीकाठचे, महागणपतीचे टिटवाळा त्यांपैकीच एक.

गावाने कोणाला निवडले, हा प्रश्न मात्र त्या दिवशी निघालाच नाही. महापालिका होती आणि आयुक्तही होते, पण नगरसेवक नव्हते. महापालिकेची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती १९९५ मध्ये. तोवरची सुमारे बारा वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या, त्या एका रांगेत ठेवून पाहाव्यात. १९९२ मध्ये अंबरनाथ वेगळे झाले. १ जून १९९३ पासून ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि नागरी संस्थांची मुदत पाच वर्षांवर बांधली गेली. १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. आयोगाच्या पुढच्याच वर्षी कल्याणात मतपेट्या आल्या. शहराने सभागृह मागून मिळवले, असे या क्रमावरून दिसत नाही. घटनेने सरकारला बांधून घेतल्यानंतरच ते मिळाले.

पुढची पंचवीस वर्षे निकालपत्रकांतून वाचता येतात. पहिल्या महापौर शिवसेनेच्या आरती मोकल. शिवसेनेने भाजपच्या साथीने महापालिकेवर जो जम बसवला, त्यात खंड पडला तो २००५ मध्ये. राष्ट्रवादीचे पुंडलिक म्हात्रे महापौर झाले, पण काँग्रेस आघाडीची ही सत्ता अडीच वर्षांचीच ठरली. उरलेल्या अर्ध्या मुदतीत महापौरपद पुन्हा शिवसेनेकडे, रमेश जाधव यांच्याकडे आले. सभागृह तेच आणि मतदारही तेच. मधल्या काळात सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. म्हणजे सत्ताबदल दरवेळी मतपेटीतूनच होतो, असे नाही.

२०१० चे पत्रक तर याचा धडाच आहे. एकूण जागा १०७, बहुमताला ५४. शिवसेनेला ३१ आणि भाजपला ९, म्हणजे युतीची बेरीज ४०. पहिल्यांदाच लढणाऱ्या मनसेने २७ जागा घेऊन सगळ्यांची गणिते बिघडवली. तरीही महापौर झाल्या त्या शिवसेनेच्या वैजयंती गुजर. चाळीस आणि चोपन्न यांमधले अंतर मतदारांनी भरून काढलेले नव्हते. ते निकालानंतरच्या जुळवाजुळवीत भरले गेले.

१ नोव्हेंबर २०१५ च्या निवडणुकीत युतीच तुटलेली होती. राज्यात एकत्र सत्तेत असलेले दोन पक्ष इथे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याआधी शहरासाठी ६,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. निकाल लागला तो शिवसेना ५२, भाजप ४२, मनसे ९ असा. प्रचारात एकमेकांची उणीदुणी काढणारे महिना उलटायच्या आत एकत्र बसले. महापौर शिवसेनेचे राजेंद्र देवळेकर झाले आणि उपमहापौरपद भाजपला मिळाले. मे २०१८ मध्ये विनिता राणे महापौर झाल्या, तेव्हा उपमहापौरपदी भाजपच्या उपेक्षा भोईर आल्या. त्या टिटवाळ्याच्या नगरसेविका. कल्याणच्या शंकरराव चौकातल्या मुख्यालयात टिटवाळ्याला एवढ्या वरची खुर्ची मिळाली, ती अशा वाटाघाटींच्या काळात.

या सगळ्या काळात महापालिकेची हद्द मात्र कधीच स्थिर नव्हती. डोंबिवली-कल्याण ग्रामीणकडची २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ च्या जूनमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, परत घेतली गेली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावांची वेगळी नगरपरिषद करायचा निर्णय झाला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. टिटवाळा या ओढाताणीत जागचे हलले नाही. लोकसभेच्या नकाशात मात्र ते महापालिकेच्या बऱ्याचशा भागापासून वेगळे पडते. डोंबिवली आणि कल्याण पूर्व कल्याण लोकसभेत, तर टिटवाळा भिवंडी लोकसभेत. नळाच्या पाण्याची तक्रार एका दिशेला आणि खासदाराकडचा अर्ज दुसऱ्या दिशेला जातो, तो यामुळेच.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्त विजय सूर्यवंशी प्रशासक झाले. आधी कारण करोनाचे होते, मग ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादाचे, मग प्रभागरचनेचे. महाविकास आघाडीच्या काळातली रचना नव्या सरकारने २०२२ मध्ये मोडीत काढली. या काळात कागद कसा फिरायचा, ते पाहण्यासारखे आहे. एरवी आयुक्तांचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे किंवा महासभेपुढे जातो. तिथे नगरसेवक तो अडवतात, बदलतात, निदान चार प्रश्न तरी विचारतात. प्रशासकीय राजवटीत या दोन्ही सभांचे अधिकार एकाच व्यक्तीकडे येतात. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून त्याला मंजुरी द्यायची. एकाच टेबलावर, दोन सह्यांत काम उरकते. पाणी, चाळी किंवा रस्ते यांबद्दल टिटवाळ्याच्या माणसाने विचारायचे झाले, तर गल्लीतला नगरसेवकही उरला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले आणि पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. २०१५ मध्ये एका प्रभागातून एकच नगरसेवक होता. या वेळी १२२ जागांसाठी ३१ पॅनेल होते. बहुतेक पॅनेल चौघांचे, म्हणजे तिथल्या मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची होती. निकाल: एकनाथ शिंदे यांची शिवसेना ५३, भाजप ५०, ठाकरे गट ११, मनसे ५, काँग्रेस २, राष्ट्रवादी (शरद पवार) १. निकाल लागताच मनसेने शिंदे यांच्या शिवसेनेला पाठिंबा दिला. २०१० चीच रीत पुन्हा चालली.

सगळ्या तारखा मांडून हिशेब केला तर १९८३ पासूनच्या सुमारे ४२ वर्षांत १७ वर्षे प्रशासकाची भरतात. काँग्रेस आघाडीच्या वाट्याला अडीच. शिवसेनेखालोखाल टिटवाळ्यावर सर्वाधिक काळ राज्य केले ते कोणीही मत न दिलेल्या खुर्चीने. पहिली बारा वर्षे घटनादुरुस्तीच्या आधीची होती, म्हणून ती समजून घेता येतात. नंतरची पाच तशी नाहीत. मुदतीत निवडणूक घेणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्येच स्पष्ट केले होते. नव्या सभागृहाची पाच वर्षे पहिल्या सभेच्या दिवसापासून मोजली जातील आणि २०३१ मध्ये संपतील. कोणता पक्ष जिंकतो याची चर्चा तेव्हाही रंगेलच. टिटवाळ्याने त्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच, की निवडणूक वेळेवर होणार का.