विमानप्रवासाचे मैल : साठवण्याआधी हिशेब हवा

विमान कंपन्या आपल्या नियमित प्रवाशांना प्रवासाच्या मोबदल्यात जे गुण देतात, त्यांना ‘मैल’ अथवा ‘पॉइंट’ म्हणतात. पुरेसे गुण साठल्यावर त्यांच्या बदल्यात तिकीट मिळते किंवा वरच्या वर्गात जागा मिळते. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी अशी योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने तिचे अनुकरण केले. भारतात एअर इंडियाची ‘महाराजा क्लब’ (पूर्वीची ‘फ्लाइंग रिटर्न्स’) आणि इंडिगोची नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली ‘ब्लूचिप’ या योजना आज प्रचलित आहेत. सदस्यत्वासाठी शुल्क नसते.

गोव्यातील अनेक कुटुंबांतील कोणी ना कोणी आखातात, ब्रिटनमध्ये किंवा बोटीवर नोकरीस असते. वर्षानुवर्षे प्रवास करूनही सदस्य क्रमांक न नोंदवल्यामुळे त्यांतील कित्येकांच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

मैल कसे जमतात?

पूर्वी अंतरानुसार मैल मिळत. आता बहुतेक मोठ्या योजनांत ते भरलेल्या भाड्यानुसार मिळतात. सवलतीच्या तिकिटावर कमी मिळतात, काहींवर मुळीच मिळत नाहीत. तिकीट मालकाने काढून दिले असले, तरी मैल सामान्यतः प्रवाशाच्याच खात्यावर जमा होतात. खलाशांसाठीच्या विशेष भाड्यांना मात्र वेगळे नियम असू शकतात. ते आधी तपासावेत. पासपोर्टवरील आणि खात्यावरील नाव तंतोतंत एक असावे. मैल जमा होईपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा, कारण राहून गेलेले मैल ठरावीक मुदतीतच मागता येतात.

खाते एकच, पण विचारपूर्वक

एका प्रवासाचे मैल एकाच खात्यावर घेता येतात. चार ठिकाणी थोडे थोडे विखुरले, तर कुठेच तिकिटापुरते साठत नाहीत. येथे कंपन्यांचे संघ उपयोगी पडतात. एअर इंडिया जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’मध्ये आहे, त्यामुळे लुफ्तान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सच्या पात्र तिकिटांवरील मैल तिच्या खात्यावर घेता येतात. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज या दोघींचेही गुण ‘एव्हिओस’ याच नावाचे असून, एकाच व्यक्तीच्या दोन्ही खात्यांत ते हलवता येतात. दोहामार्गे लंडनला जाणाऱ्यास ही सोय लाभाची आहे.

‘मोफत’ तिकिटाची किंमत

मैल देऊन घेतलेले तिकीट क्वचितच पूर्णतः मोफत असते. कर, विमानतळ शुल्क आणि काही कंपन्यांचा इंधन अधिभार रोख भरावाच लागतो. म्हणून साधा हिशेब करावा. समजा, तिकिटाचे रोख भाडे ९,००० रुपये आहे. तेच तिकीट १०,००० मैल आणि १,५०० रुपयांत मिळते. वाचले ७,५०० रुपये, म्हणजे मैलामागे ७५ पैसे. दुसऱ्या तारखेस रोख भाडे ५,००० रुपये असून मैल तेवढेच लागत असतील, तर मैलामागे केवळ ३५ पैसे पदरात पडतात. अशा वेळी रोखीनेच तिकीट काढावे आणि मैल नाताळ, गणेशचतुर्थी अशा महागड्या दिवसांसाठी राखावेत. मात्र त्या दिवसांत मैलांवरील जागा मोजक्याच असतात. आरक्षण लवकर करणे भाग असते. मैलांच्या बदल्यात भेटवस्तू घेतल्यास मोल बहुधा कमीच मिळते.

सावधगिरी

क्रेडिट कार्डावरील खर्चातूनही मैल मिळतात. पण कार्डाचे बिल थकले, तर महिना तीन टक्क्यांच्या आसपासचे व्याज मैलांचा लाभ सहज गिळून टाकते. केवळ मैलांसाठी महागडे तिकीट काढणे हाही तसाच आतबट्ट्याचा व्यवहार होय.

मैल म्हणजे ठेव नव्हे. त्यांवर व्याज मिळत नाही, बहुतेकांना मुदत असते आणि एका तिकिटास किती मैल लागावेत हे कंपनीच ठरवते. ती हा दर वाढवूही शकते. जेट एअरवेजची विमाने एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तेव्हा तिची मैल योजना चालवणारी कंपनी स्वतंत्र असल्याने ग्राहकांचे गुण बुडाले नाहीत. परंतु ज्या विमानांसाठी ते साठवले होते, ती विमानेच उरली नाहीत. म्हणून एका तिकिटापुरते मैल जमले आणि हिशेब पटला, की ते वापरून टाकावेत. घरी येण्याचे एक तिकीट त्यातून निघाले, तर तेवढीच खरी बचत.