चेंडू आत की बाहेर? टेनिस, साहित्य, संगीत आणि चित्रपट



आज एका चित्रपटाच्या शेवटापासून सुरुवात करू या. लंडनमध्ये मेरियन पार्क नावाची बाग आहे. तिथल्या टेनिस कोर्टवर दोघं जण खेळतायत, एक पुरुष आणि एक स्त्री. तोंडाला पांढरा रंग फासलेला, कारण हे मूकनट आहेत. त्यांच्या हातात रॅकेट नाही आणि चेंडूही नाही. कुंपणाबाहेर त्यांचे सोबती उभे आहेत आणि सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरतायत. एक छायाचित्रकार हे बघत उभा आहे. तेवढ्यात तो ‘चेंडू’ कुंपणावरून बाहेर जातो. खेळणारे छायाचित्रकाराला खूण करतात. तो घुटमळतो, मग जातो, वाकून काहीतरी उचलतो आणि आत फेकतो. आणि त्यानंतर आपल्याला, प्रेक्षकांना, चेंडूचा आवाज ऐकू यायला लागतो.

मिकेलांजेलो आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाचा हा ‘ब्लो-अप’, साल १९६६. चित्रपटाचं बीज हुलिओ कोर्तासार या अर्जेंटिनी लेखकाच्या एका कथेत आहे. पण त्या कथेत टेनिस कुठेच नाही. ते दिग्दर्शकानं आणलं. मग माझा प्रश्न असा की टेनिसच का? फुटबॉल का नाही, पत्त्यांचा डाव का नाही?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

आपण ज्याला आज टेनिस म्हणतो त्याचा पूर्वज भिंतींच्या आत खेळला जायचा. फ्रान्समध्ये आधी तळहातानं, नंतर रॅकेटनं. ‘टेनिस’ हा शब्दच फ्रेंचमधल्या ‘घ्या’, ‘धरा’ अशा अर्थाच्या हाकेवरून आला असं मानतात. पहिला चेंडू मारणारा समोरच्याला आधी सांगायचा, बाबा रे, घे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खेळ सुरू होण्याआधी समोरच्या माणसाला खेळाडू म्हणून मान्य करावं लागतं. ही मान्यता कोणाला मिळते, कोणाला नाकारली जाते, यातच लेखकांना आणि कलावंतांना रस होता. सामना कोण जिंकलं हा त्यांचा विषय सहसा नसतोच.

पहिलं उदाहरण शेक्सपिअरचं. ‘पाचवा हेन्री’ हे नाटक १५९९च्या सुमाराचं. इंग्लंडचा तरुण राजा फ्रान्सच्या भूमीवर हक्क सांगतो. उत्तरादाखल फ्रान्सचा युवराज त्याला भेट पाठवतो. दरबारात पेटी उघडली जाते, तर आत टेनिसचे चेंडू! अर्थ उघड आहे: तू अजून पोर आहेस, जा, खेळत बस. हेन्री चिडून सांगतो की याच चेंडूंचे मी तोफगोळे करीन. प्रत्यक्षात असं घडलं का, याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. पण ही गोष्ट शेक्सपिअरच्या आधीच्या इंग्रज बखरकारांनी लिहून ठेवलेली होती. म्हणजे बघा, एका युद्धाचं कारण म्हणून लोकांना आठवत राहिली ती टेनिसच्या चेंडूंची पेटी.

त्याच युद्धातला दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. २५ ऑक्टोबर १४१५ला आजँकूरची लढाई झाली. फ्रेंच हरले. त्यांचा एक मोठा सरदार, ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल, इंग्रजांच्या हाती सापडला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. सुटला १४४०मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. या पंचवीस वर्षांत तो कवी झाला. त्याची एक कविता आहे, तिच्यात तो टेनिस खेळतोय आणि समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभं आहे स्वतःचं वय. त्या काळी गुण पंधरा, तीस, पंचेचाळीस असे मोजत. त्या पंचेचाळीसचे पुढे चाळीस झाले. शार्ल म्हणतो, खेळता खेळता माझे पंचेचाळीस झालेत. गुणही पंचेचाळीस आणि वयही! आणि सगळ्यांत भीती वाटते ती चिंतेची. दुसऱ्यांच्या कैदेत असलेल्या माणसानं कवितेत स्वतःचं मैदान आखून घेतलं आणि तिथे तो बरोबरीचा खेळाडू झाला.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. १८७४मध्ये वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड नावाच्या इंग्रज मेजरनं हिरवळीवरच्या खेळाचं पेटंट घेतलं आणि टेनिस भिंतींमधून बागेत आलं. १८७७ला विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. खेळ बागेत आल्यावर एक मोठा फरक पडला: तरुण मुलगे आणि मुली एकत्र खेळू लागले. घरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेसमोर, पण जरा लांब. हे संगीतकारांच्या कामाचं होतं.

१५ मे १९१३, पॅरिस. द्यागिलेवच्या रशियन नृत्यमंडळींचा नवा बॅले, नाव ‘ज्य’, म्हणजे ‘खेळ’. नृत्यरचना निजिन्स्कीची, संगीत क्लोद देब्युसीचं. संध्याकाळची बाग, विजेचे दिवे लागलेले. एक टेनिसचा चेंडू हरवलाय आणि तो शोधायला एक तरुण आणि दोन तरुणी येतात. चेंडू बाजूलाच राहतो. लपणं, रुसणं, जवळ येणं सुरू होतं. शेवटी कुठून तरी, कोणीतरी फेकलेला दुसरा चेंडू येऊन पडतो. तिघंही दचकतात आणि पळून जातात. झालं, एवढंच. देब्युसीनं चेंडूचा टप टप आवाज वाद्यांतून काढलेला नाही. त्यानं टेनिसमधली ती अधांतरी अवस्था उचलली. एखादा सूर बसतोय म्हणेपर्यंत निसटतो, लय सारखी बदलते, आणि आलेली ओळ त्याच रूपात परत येईल याची खात्री नाही. लोकांना ते फारसं रुचलं नाही. शिवाय दोनच आठवड्यांनी, २९ मेला, त्याच नाट्यगृहात स्त्राविन्स्कीच्या ‘वसंताचा विधी’नं गदारोळ उडवला आणि ‘ज्य’ विस्मरणात गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलेझ आणि श्टॉकहाउझेन यांच्या पिढीनं ते पुन्हा हातात घेतलं. त्यांना त्यात पुढच्या संगीताची वाट दिसली.

संगीतातली आणखी एक गोष्ट सांगतो, ती कोर्टवरचीच आहे. आर्नोल्ड श्योनबर्ग हा विसाव्या शतकातला अतिशय कठोर मानला जाणारा संगीतकार. ज्यू असल्यामुळे १९३३मध्ये बर्लिनच्या कला अकादमीतली त्याची जागा गेली. तो अमेरिकेत गेला, लॉस एंजलिसला स्थिरावला. तिथे जॉर्ज गर्श्विन राहायला आला. गाण्यांचा, जॅझचा, लोकप्रियतेच्या शिखरावरचा माणूस. दोघांचं संगीत एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर. पण गर्श्विनच्या घरी टेनिस कोर्ट होतं आणि श्योनबर्ग तिथे नेमानं खेळायला जायचा. गर्श्विननं त्याचं तैलचित्रही रंगवलं. १९३७च्या जुलैत गर्श्विन अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा श्योनबर्गनं रेडिओवरून श्रद्धांजली वाहिली. पुढे श्योनबर्गचा मुलगा टेनिस खेळू लागला, तर या गृहस्थानं त्याच्या सामन्यांची नोंद करायला खुणांची एक लिपीच तयार केली. चेंडू कुठे पडला, कोणी चुकवला, सगळं कागदावर. सवय जाते का!

आता चित्रपट. १९५१चा हिचकॉकचा ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’. मूळ कादंबरी पॅट्रिशिया हायस्मिथची, १९५०ची. कादंबरीतला नायक वास्तुविशारद आहे. हिचकॉकनं त्याला टेनिसपटू केलं. पुन्हा तेच: मूळ पुस्तकात टेनिस नाही, पडद्यावर आहे. का, ते एकाच दृश्यात कळतं. प्रेक्षकांच्या गॅलरीत सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर इकडून तिकडे फिरतायत. फक्त एक माणूस मान हलवत नाही. तो सरळ नायकाकडे बघतोय. तो खुनी आहे. कोणी काही बोलत नाही, संगीताचा दणका नाही. सगळ्यांनी मिळून मान्य केलेल्या खेळाच्या बाहेर हा एकटाच आहे, हे फक्त मानेवरून समजतं.

इथून आपण उत्तर इटलीतल्या फेर्रारा या गावात जाऊ. हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

एकोणीसशे तीसच्या दशकात या गावातले दोन तरुण मित्र टेनिसचे वेडे होते. एक मिकेलांजेलो आंतोनिओनी, जन्म १९१२चा. दुसरा जॉर्जो बस्सानी, १९१६चा. बस्सानी ज्यू. १९३८मध्ये मुसोलिनीच्या सरकारनं वंशविषयक कायदे आणले. ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या, प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि टेनिस क्लबही बंद झाला.

बस्सानीनं १९६२मध्ये ‘फिन्झी-कोन्तिनींची बाग’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात क्लबचं एक पत्र आहे. क्लबनं ज्यू सभासदांना ‘तुम्हाला काढलं’ असं कळवलेलं नाही. त्यांचे राजीनामे एकगठ्ठा स्वीकारले, असं कळवलंय. राजीनामे कोणी दिलेलेच नव्हते! अन्याय असा सभ्य कारकुनी भाषेत घरी येतो. मग फिन्झी-कोन्तिनी हे श्रीमंत ज्यू कुटुंब आपल्या उंच भिंतींआडच्या बागेतलं खाजगी कोर्ट या मुलांसाठी उघडतं. शरद ऋतू आहे, ऊन छान आहे, मुलं अंधार पडेपर्यंत खेळतात. वाचताना आपल्याला तो आनंद खराच वाटतो. पण लेखकानं प्रास्ताविकातच सांगून टाकलेलं असतं की १९४३च्या शरदात या कुटुंबाला जर्मनीत नेलं गेलं आणि त्यांना कबरही मिळाली का, कोण जाणे. घराण्याच्या भव्य समाधीत त्यांच्यापैकी एकटा मुलगा आहे, कारण तो त्याआधीच आजारानं गेला. म्हणून त्या कोर्टवरच्या प्रत्येक फटक्याकडे आपण गलबलून बघतो. भिंत या मुलांना वाचवत नाही. पण काही आठवडे तिथे कोणीतरी त्यांना म्हणतं, घ्या, तुमचा चेंडू.

व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९७०मध्ये यावर चित्रपट केला. पांढऱ्या कपड्यांतली मुलं सायकलींवरून बागेच्या फाटकाशी येतात, अशी त्याची सुरुवात आहे. बर्लिनमध्ये त्याला सुवर्ण अस्वल मिळालं, पुढे सर्वोत्कृष्ट परभाषी चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. बस्सानींना मात्र पटकथा पटली नाही आणि त्यांनी तिच्यावरून आपलं नाव काढून घ्यायला लावलं.

आता परत मेरियन पार्कमध्ये येऊ. ‘ब्लो-अप’चा शेवट म्हणजे फेर्राराची आठवण, असं मी म्हणणार नाही. आंतोनिओनींनी तसं काही सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि दोन मित्रांच्या आयुष्यांना सोयीची गाठ मारणं बरं नव्हे. पण एवढं नक्की की ज्या माणसानं तो शेवट रचला, त्याचं तारुण्य टेनिस कोर्टवर गेलं होतं, आणि एका पत्रासरशी माणूस रेषेच्या बाहेर कसा जातो हे त्याच्या गावानं पाहिलं होतं. खेळ चालतो तो सगळ्यांनी मिळून मानला म्हणून. चेंडू नसला तरी चालतो. आणि चेंडू असून, कोर्ट असून, रॅकेट हातात असून, समोरच्यांनी तुम्हाला मानलं नाही तर तो चालत नाही.

घरी गेल्यावर ‘ब्लो-अप’ची शेवटची काही मिनिटं जरूर बघा, आवाज मोठा ठेवून. त्या छायाचित्रकारानं चेंडू फेकल्यावर कॅमेरा कोर्टकडे वळत नाही. तो त्याच्याच चेहऱ्यावर राहतो. चेंडूचा आवाज येतो, त्याची नजर इकडून तिकडे फिरायला लागते, आणि मग ती खाली झुकते. थोड्या वेळानं हिरवळीवरून तो माणूसच नाहीसा होतो. उरतं फक्त गवत.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.