गाडीचा धूर, घरातला धूर
लातूरच्या जुन्या मंडळींना ‘बार्शी लाइट’ आठवते. कॅलथ्रॉपसाहेबांची ही अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला आली. तिचा कोळशाचा धूर माळावर विरून जाई. खेळण्यातल्या गाडीचा धूर मात्र बंद खोलीत, मुलांच्या नाकाशीच राहतो. म्हणून त्याचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४६ मध्ये अमोनियम नायट्रेट तापवून धूर काढला. पुढच्याच वर्षी ते सोडून वेगळ्या गोळ्या आणल्या. पुढे शुद्ध खनिज तेल आले. तापलेल्या तारेवर त्याच्या थेंबांचे पांढरे धुके होते, तेल जळत नाही. रॉकेल-डिझेल घालाल तर मात्र भडका! आणि शुद्ध तेलाचे धुकेही श्वासात जातेच. तेव्हा थेंब मोजून घाला, खिडकी उघडी ठेवा. एवढे पथ्य पाळा, मग गाडी खुशाल धूर सोडू दे.