कचारगड: कागदाच्या आधीचा इतिहास

सानगडीत इतिहास म्हटलं की बोट आपोआप टेकडीकडे वळतं. तिथे सहानगड किल्ल्याचे अवशेष आहेत. आमच्याकडे इतिहासाचा क्रमही ठरलेला असतो: आधी देवगडचे गोंड राजे, मग नागपूरकर भोसले, मग इंग्रज. राजा, लढाई, किल्ला. यात न बसणारं जे काही उरतं, त्याला आपण ‘दंतकथा’ म्हणतो आणि पुढे जातो.

कचारगड या क्रमात बसत नाही. तिथे तट नाही, बुरूज नाही, कोणाची राजधानीही नाही. डोंगरातली एक प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशातून लाखो गोंड लोक तिथे येतात, कारण त्यांच्या मते त्यांचा समाज समाज म्हणून तिथून बाहेर पडला.

यंदा यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही मित्र तिथे गेलो. सानगडीहून सकाळी निघालं तर साकोली, देवरी, आमगाव, सालेकसा करत एका दिवसात जाऊन येता येतं. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत सालेकसा आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं दरेकसा स्टेशन जवळ आहे, हाजरा फॉलही त्याच बाजूला. हाजरा फॉलला आमच्याकडची कॉलेजची पोरं हमखास जातात. धनेगावपासून पुढे जंगल आणि चढाची वाट. झाडांना सतरंगी झेंडे अजून बांधलेले होते. गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आमचं बोलणं आपोआप बंद झालं. आत गारवा, वर काळा कातळ, आणि आपला आवाज आपल्याकडेच परत येतो.

गोंडी पुनेमच्या परंपरेतली कथा अशी. काली कंकालीची 33 मुलं शंभूने याच गुहेत कोंडली आणि तोंडावर मोठी शिळा लावली. जंगो रायताडला त्यांची दया आली. पारी कुपार लिंगोने सुटकेचा मार्ग शोधला. हिरासुका पाटालीर या वादकाने बाहेर किंगरी वाजवली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, सगळ्यांनी मिळून शिळा ढकलली. मुलं सुटली, पण हिरासुका त्याच शिळेखाली गेला. पुढे लिंगोने त्यांना शिकवलं आणि 12 सगांत, 750 गोत्रांत बांधलं.

मला या कथेतले आकडे महत्त्वाचे वाटतात. कोणाचे देव सहा, कोणाचे सात, यावरून आजही लग्नं ठरतात. समान देवसंख्या असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. म्हणजे ही कथा फक्त सांगायची नाही, ती रोजच्या व्यवहारात चालू आहे. लाखो माणसांची नाती तिने कागदाशिवाय सांभाळली. एखाद्या सनदेकडून आपण यापेक्षा वेगळं काय मागतो?

कागद आला तो उशिरा. नागपुरात राहिलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने एका परधानाकडून लिंगोचं गाणं उतरवून घेतलं. परधान म्हणजे गोंडांच्या वंशकथा गाणारे लोक. हिस्लॉप 1863 मध्ये बुडून वारला. त्याची टिपणं 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने छापली. त्या गाण्यातही कोंडलेले गोंड आहेत, गुहा आहे, सोडवणारा लिंगो आहे. तपशील वेगळे आहेत, गाभा तोच. गाणाऱ्या परधानाचं नाव मात्र कोणाच्या तोंडी नाही. हिस्लॉपच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात उभं आहे.

कचारगडची आजची मोठी यात्रा 1980 च्या दशकात उभी राहिली. तिच्यामागे रामटेक तालुक्यात जन्मलेले मोतीरावण कंगाली (1949-2015) आणि त्यांचे सहकारी होते. रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारा हा माणूस गोंडी भाषा आणि पुनेमवर पुस्तकं लिहीत राहिला. सिंधू लिपी गोंडीतून वाचण्याचा त्यांचा प्रयत्न अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे स्वीकारलेला नाही. पण हे डोंगर आपले आहेत, हे लोकांना स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावणं, हे काम त्यांनी केलं.

आणि ते वेळेवर झालं. परंपरेत या जागेचं नाव ‘कोयली कचार लोहगड’ आहे. नावातच लोखंड आहे. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाची यात्रा भरते आणि त्याच डोंगरातून आज लोहखनिज काढलं जातं. ऑस्ट्रेलियात मे 2020 मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. तिथे 46,000 वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. सुमारे 4,000 वर्षांपूर्वीची केसांची एक वेणीही सापडली होती आणि तिचा डीएनए आजच्या मूळ रहिवाशांशी जुळला होता. पुरावा होता, परवानगीही कायदेशीर होती, तरी गुहा गेल्या. जगभर ओरड झाल्यावर कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं.

किल्ला पडला तरी त्याचे दगड उरतात, गॅझेटियरमध्ये चार ओळी उरतात. गुहेचा डोंगर खणून ट्रकात भरला तर मागे खड्डा उरतो, आणि कथेला टेकायला जागा उरत नाही. म्हणून ‘दंतकथा’ हा शब्द जपून वापरायला हवा. तो एकदा चिकटला की त्या डोंगराची किंमत फक्त टनांत मोजली जाते.