बंजारा थैली वाचताना

आपल्याकडे वस्त्रकलेच्या चर्चेत पैठणी, पाटोळा, कांजीवरम यांना मानाचे पाट असतात. थैली बिचारी खुंटीवरच राहते. सामान भरायच्या वस्तूत पाहण्यासारखे काय असणार? गोर बंजारा स्त्रियांनी शिवलेल्या थैल्या, बटवे आणि चंच्या समोर आल्या की हा प्रश्न आपोआप मागे पडतो, असा माझा अनुभव आहे. वाचकांनी तो स्वतःच पडताळून पाहावा.

त्याआधी थोडा इतिहास हवा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर नेणे, म्हणजे लदेणी, हा या समाजाचा व्यवसाय. मोगल, मराठे आणि इंग्रज, तिघांच्याही फौजांना त्यांनी रसद पुरवली. पुढे रेल्वे आली आणि लदेणी मोडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळात समाजातील अनेक गटांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडले. आजही हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोजला जातो. त्यांच्याविषयीचे जुने कागद बहुतेक परक्यांनी, त्यातही पुरुषांनी लिहिलेले आहेत. तांड्यावरच्या, म्हणजे बंजारा वस्तीवरच्या बाईने स्वतःच्या हाताने मागे ठेवले ते कापडावर. म्हणूनच थैलीला मी दस्तऐवज मानतो.

तो वाचायचा कसा? तुमच्या हाती अशी थैली आली, तर रंगांत गुंतण्याआधी ती उलटी करा. आत वापरलेल्या कापडाचे थर दिसतील, गोधडीसारखे धावदोऱ्याने एकजीव केलेले. मागच्या बाजूने टाक्यांची शिस्तही कळते, कारण पुष्कळसे नक्षीकाम आखून न घेता धागे मोजून केलेले असते. मग घडी पाहा: चौकोनी कापडाचे तीन कोपरे मध्यावर आणून शिवले, चौथ्याचे झाकण झाले. कात्रीचे काम जवळजवळ नाहीच. निमाड-खानदेशाकडे चौकटी दाट भरलेल्या आढळतात, दक्षिणेकडे आरसे आणि ठिगळकाम अधिक. काठाला कवड्या असतात. मालदीवच्या समुद्रातली कवडी एके काळी चलन होती. समुद्रापासून इतक्या दूरच्या तांड्यावर ती शोभेला लागते, यात जुन्या व्यापारवाटांची खूण आहे.

नवागताने शारलट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन यांचे बंजारा वस्त्रांवरचे २०१६ चे इंग्रजी पुस्तक जरूर चाळावे. कर्नाटकातील संडूर, म्हणजे घोरपड्यांचे जुने संस्थान, तेथील लंबाणी (बंजाऱ्यांचे तिकडचे नाव) भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, तेही पाहण्याजोगे. तिथे आता शहरी गिऱ्हाइकांसाठीही वस्तू शिवल्या जातात. जाणकार कधी कधी त्यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हाताला मजुरी मिळते म्हणून टाका टिकतो. मात्र अनोळखी गिऱ्हाइकासाठी शिवलेली थैली आणि लेकीच्या लग्नासाठी शिवलेली थैली अभ्यासात वेगळ्या ठेवाव्यात. पहिलीत रंगांची निवड बाजाराची असते, दुसरीत आईची.

विदर्भात, मराठवाड्यात राहणाऱ्या वाचकांना तर लांब जायलाही नको. तांडा जवळच असेल. तिथल्या एखाद्या याडीने, म्हणजे आईने, जुनी थैली दाखवायला काढली, तर किंमत विचारण्याची घाई करू नका. ती कोणी शिवली, कोणासाठी, आणि तिच्यात काय ठेवत असत, एवढे आधी विचारा.