हुकूम सरकारचा, हात गाडीवाल्यांचा

१९४२ चा पावसाळा सरता सरता बँकॉक पाण्याखाली गेले. चाओ फ्राया नदीने काठ सोडला आणि राजधानीच्या रस्त्यांवरून होड्या फिरू लागल्या. युद्ध तर आधीच घरात शिरले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा किनाऱ्यावर उतरल्या होत्या आणि पुढच्याच महिन्यात थायलंडने ब्रिटन-अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले होते. धंदे बसलेले, महागाई वाढलेली, लोकांच्या हाताला काम नाही. अशा दिवसांत पंतप्रधान फील्ड मार्शल प्लेक फिबूनसोंगख्राम यांनी जनतेला एक वेगळेच आवाहन केले: सर्वांनी नूडल्स खाव्यात.

त्यामागचा हिशेबही त्यांनी मांडला. देशाची लोकसंख्या १ कोटी ८० लाख. प्रत्येकाने रोज ५ सतांगची एक वाटी खाल्ली, तर दिवसाला ९ कोटी सतांग, म्हणजे ९ लाख बाट बाजारात फिरतील. तांदूळ पिकवणारा, डाळीला मोड आणणारा, कोळी, गाडीवाला, सगळ्यांना त्यातला वाटा मिळेल. सरकारच्या लोककल्याण खात्याने पाककृती छापून वाटल्या, गाड्या उभ्या करायला मदत केली आणि थाई माणसाने स्वतः नूडल्स विकायला बसावे म्हणून जोर लावला.

आज जगभर ‘पॅड थाई’ या नावाने जी बशी समोर येते, तिचा उगम बहुतेक ठिकाणी या मोहिमेत सांगितला जातो. एका फील्ड मार्शलने राष्ट्रीय पदार्थ जन्माला घातला ही गोष्ट सांगायला सोपी आहे, पण अपुरी आहे. फिबून यांचे चिरंजीव नित्य फिबूनसोंगख्राम पुढे थायलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. हा पदार्थ मोहिमेच्या आधीपासूनच आपल्या घरी होत असे, असे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. घरात होत होता तो रस्त्यावर त्याहून आधी होत असणार, कारण त्यातली मुख्य वस्तू आणि ती परतण्याची रीत या दोन्ही गोष्टी रस्त्यानेच बँकॉकमध्ये आल्या होत्या.

तांदळाच्या चपट्या शेवया आणि त्या कढईत भसाभस परतण्याची पद्धत दक्षिण चीनमधून आली. चिनी व्यापाऱ्यांचा राबता अयुथ्या या जुन्या राजधानीच्या काळापासून होता, पण मोठे लोंढे एकोणिसाव्या शतकात आले. स्वातौ बंदरातून तेओच्यू बोलणारी माणसे जहाजे भरभरून सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, येत. भात सडायच्या गिरण्यांत, गोदीत, कालवे खणण्याच्या कामावर त्यांनी अंग मोडले. ज्याच्याकडे थोडे पैसे जमत, तो खांद्यावर कावड घेई. एका टोकाला पेटलेली शेगडी, दुसऱ्या टोकाला वाट्या, शेवया आणि मसाले. जिथे गिऱ्हाईक हाक मारेल, तिथे कावड उतरवायची. बँकॉकच्या कालव्यांवर हेच काम होडीतून चाले. थाई भाषेत नूडल्सना असलेला ‘क्वेतियाव’ हा शब्दही याच माणसांच्या बोलीतला.

त्यांचे स्वागत मात्र सरळ झाले नाही. १९१४ मध्ये राजा वजिरावुध याने लेख लिहून चिनी लोकांना ‘पूर्वेकडचे ज्यू’ म्हटले होते, आणि ते कौतुकाने नव्हे. २४ जून १९३२ च्या क्रांतीने राजाची अनियंत्रित सत्ता संपली. त्या क्रांतीतल्या तरुण अधिकाऱ्यांपैकी एक असलेले फिबून १९३८ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा राष्ट्रवादाची धार आणखी वाढली. चिनी शाळा बंद पडल्या, काही धंदे थाई नागरिकांसाठी राखून ठेवण्यात आले. १९३९ ते १९४२ या काळात ‘रत्थनियोम’ नावाची १२ सांस्कृतिक फर्माने निघाली. पहिल्याने देशाचे नाव सयामऐवजी थायलंड केले. पुढच्यांनी राष्ट्रगीताला उभे राहणे, देशी माल वापरणे, नीटनेटके कपडे घालणे अशा गोष्टी सांगितल्या. पान-सुपारी खाण्यावर बंदी आली आणि बायकांनी हॅट घालावी असा आग्रह झाला.

या सगळ्या धामधुमीत राष्ट्राचा पदार्थ म्हणून निवड झाली ती चिनी कढईतल्या शेवयांची. राज्यकर्त्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचा विचार उघड होता: धंदा चालू राहावा, तो थाई हातात यावा आणि पदार्थाचा साज थाई व्हावा. ‘थाई पद्धतीने परतलेले’ हे नाव त्या साजाची पाटी होती.

आणि साज खरोखर बदलला. इथे हा पदार्थ सरकारी कागदातून सुटून स्वयंपाक जाणणाऱ्यांच्या ताब्यात जातो. चिनी पद्धतीतले डुकराचे मांस आणि सोया सॉस मागे पडले. त्यांच्या जागी चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि फिश सॉस आले. आंबट, गोड आणि खारट या तीन चवी एकमेकींना सांभाळतात तो तोल इथलाच. सुकट आली, भरड दाण्याचे कूट आले, मोड आलेल्या मुगाचे लांब पांढरे कोंब आले, लसणासारख्या वासाची चपटी पात आली. खारवलेला मुळा आणि टोफू मात्र तेओच्यू घरातूनच आले आणि तिथेच राहिले. शेंगदाणा आणि मिरची यांचे मूळ अमेरिका खंडात, चिंचेचे आफ्रिकेत. थाई म्हणावे असे यात काय, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर हा तोलच आहे, आणि तो कुठल्या खात्याने ठरवून दिलेला नाही.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला ही बशी परकी वाटू नये. चिंच-गुळाची जोडी, सुकटीचा वास, दाण्याचे कूट, बाजूला ठेवलेली कच्च्या केळफुलाची फोड. यांतली एकही वस्तू त्याच्या स्वयंपाकघराला नवी नाही. नवी आहे ती आच.

त्या आचेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण गाडीवरची चव घरी का येत नाही याचे कारण तिथे आहे. शेवया उकळत नाहीत. साध्या पाण्यात भिजवून लवचिक झाल्या की उपसतात. उरलेले शिजणे कढईत, चिंच-गुळाच्या रसात व्हायचे असते. त्यासाठी चिवट शेवई लागते आणि आग्नेय थायलंडमधल्या चान्थाबुरी प्रांताचे नाव लावणाऱ्या ‘सेन चान’ शेवया त्याचसाठी नावाजल्या. कढई एवढी तापलेली असते की रस पडताक्षणी उडू लागतो आणि शेवई तो ओढून घेते. म्हणून जाणती बाई एका वेळी एक-दोन बशांपुरतेच परतते. शेवया कडेला सारून मधल्या जागेत अंडे फोडायचे, ते जमू लागले की शेवया त्यावर ओढायच्या, कोंब आणि पात शेवटी, विस्तवावरून उतरवता उतरवता. सगळे मिळून दोन-तीन मिनिटांचे काम. एका वेळी दहा माणसांचे केले की पाणी सुटते आणि लगदा होतो. गिऱ्हाइकाने पुढे काय करायचे हेही ठरलेले आहे. मेजावर साखर, मिरचीची पूड, मिरची घातलेला फिश सॉस आणि मिरचीचा व्हिनेगर ठेवलेला असतो. लिंबू पिळून प्रत्येकाने आपली चव आपण लावायची.

बँकॉकमध्ये हा पदार्थ ज्या एका रस्त्याशी जोडला गेला तो महाचाई रस्ता जुन्या तटाच्या कडेने जातो. इथल्या वेशीला लोक ‘भुतांची वेस’ म्हणत. तटाच्या आत दहनाला मनाई असल्याने मृतदेह या वेशीतून बाहेर काढून वाट साकेत मंदिराकडे नेत. १८२० च्या पटकीत प्रेते इतकी साचली की तिथली गिधाडे थाई भाषेतल्या म्हणीत जाऊन बसली. त्याच वेशीजवळ १९६६ पासून ‘थिप समाई’ हे दुकान चालते. मालकीणबाईंच्या आईने होडीतून नूडल्स विकल्या, मुलगी हाताखाली शिकली आणि पुढे पक्क्या जागेत आली. कोळशाच्या शेगड्या, कोळंबीच्या डोक्यातल्या तेलाचा केशरी रंग आणि अंड्याच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली पॅड थाई यांसाठी रोज संध्याकाळी तिथे रांग लागते. शेजारीच, त्याच रस्त्यावर, डोळ्यांवर गॉगल चढवून कोळशावर खेकड्याचे ऑम्लेट तळणाऱ्या जे फाय यांना २०१७ च्या अखेरीस मिशेलिनचा तारा मिळाला.

युद्धाकडे परत वळले तर एक मराठी नाव भेटते. १ जानेवारी १९४६ रोजी सिंगापूरमध्ये सयामने (देशाने तेव्हा जुनेच नाव पुन्हा घेतले होते) ब्रिटन आणि भारत यांच्याशी युद्धसमाप्तीचा करार केला. भारताच्या वतीने सही करणारे होते वणीचे लोकनायक बापूजी अणे, तेव्हा सिलोनमधले भारत सरकारचे प्रतिनिधी. करारातले सर्वांत जड कलम तांदळाचे होते: सयामने १५ लाख टन तांदूळ फुकट द्यायचा. बंगालचा दुष्काळ ताजा होता आणि आशियाभर भाताची चणचण होती. ही अट पुढे सैल करून मोबदला देण्याचे ठरले. पण सयामसारख्या देशाशी बोलताना सगळ्यांचे लक्ष शेवटी त्याच्या भातावर जाते, एवढे या कलमाने दाखवले. नूडल्सची मोहीमही त्याच भाताच्या पिठावर उभी होती.

फिबून १९४४ मध्ये पायउतार झाले, १९४८ मध्ये परत आले आणि १९५७ च्या लष्करी उठावानंतर देश सोडून गेले. हॅटची सक्ती केव्हाच विसरली गेली. नूडल्सच्या गाड्या मात्र राहिल्या, कारण त्यांना हुकमाची गरज उरली नव्हती. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुटीवर आलेले अमेरिकी सैनिक, मग बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर उतरणारे पाठीवर पिशवीवाले प्रवासी ही चव घेऊन घरी गेले. २००२ च्या सुमारास थाई सरकारने पुन्हा कढईकडे पाहिले आणि परदेशात थाई उपाहारगृहे वाढावीत म्हणून ‘ग्लोबल थाई’ योजना आखली. मुंबईत त्याआधीच, १९९३ मध्ये, कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात आनंदा सॉलोमन यांनी ‘थाई पॅव्हिलियन’ सुरू केले होते. अनेक मुंबईकरांनी पहिली पॅड थाई तिथेच खाल्ली. आता तर मराठी कुटुंबे थेट बँकॉकला जातात, आणि त्यांतल्या शाकाहाऱ्यांनी एक शब्द पाठ करून जावा: ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेल्या गाडीवर फिश सॉस, सुकट, अंडे यांतले काहीच नसते. कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीच सोय होते.

गाडीवाल्यांचे मात्र बरे चाललेले नाही. २०१४ च्या लष्करी उठावानंतर बँकॉकच्या पदपथांवरून त्यांना हटवण्याची मोहीम जोरात निघाली. सुखुमवित भागातली ३८ क्रमांकाची गल्ली रात्रीच्या खाण्यासाठी नावाजलेली होती, तीही याच सुमारास उठली, पण जागामालकांच्या निर्णयामुळे. चिनी वस्तीतला यावारात रस्ता आणि खाओ सान यांना पर्यटकांसाठी सवलत मिळाली. ज्या राज्याने पूर आणि युद्धाच्या वर्षी लोकांना गाड्या लावायला सांगितले, त्याच राज्याला आता त्या गाड्या अडचण वाटाव्यात हे खटकते. दुपारच्या जेवणासाठी पदपथावर अवलंबून असलेला पगारदार, कारखान्यातली बाई, मोटरसायकल-टॅक्सीवाला यांच्यासाठी ही चैन नाही, रोजचा घास आहे.

कायदाही जुन्याच वळणावर आहे. १९७९ मध्ये परदेशी लोकांना मनाई असलेल्या ३९ कामांची यादी निघाली, तीत फेरी करून माल विकण्याचे काम होते. तरीही आज बँकॉकच्या कितीतरी गाड्यांवर ब्रह्मदेश, लाओस किंवा कंबोडियातून आलेली मुले-मुली राबताना दिसतात. अधूनमधून पोलिसांची धाड पडते, काही जणांना सीमेपार पाठवतात, काही परत येतात. चिंचेचा कोळ किती घालायचा आणि शेवई केव्हा उलटायची हे ती मुले मालकिणीकडून शिकतात, जसे एके काळी थाई बायका तेओच्यू शेजाऱ्यांकडून शिकल्या.