काकांची वही

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात इतिहासाला तोटा नव्हता. आजी थेट बिंबाजी भोसल्यांपासून सुरुवात करायची. १७५८ मध्ये ते रतनपूरला आले, मागोमाग नागपूरकडचे कारकून, पुजारी, सावकार आले आणि त्यांत आपलेही कुणीतरी होते. त्या ‘कुणीतरी’नंतर मात्र प्रत्येकाचं लग्न, मुलंबाळं, वाटण्या तिला तोंडपाठ. धाकट्या काकांवर गाडी आली की ती अडकित्ता शोधू लागे.

काकांची गोष्ट काकांनीच सांगितली, आजी गेल्यावर. कचेरीतली नोकरी, लग्न केलं नाही, आणि संध्याकाळी पुरुष पुरुषांना भेटत त्या जागांवर फेरी. जागांची नावं मी लिहिणार नाही. तिथे आजही कुणी थांबत असेल.

१९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाने देशातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. पुढे भिंतीभिंतींवर इशारे आले ते परस्त्रीपासून जपा, असे. “आम्ही म्हटलं, सुटलो! आमच्यात बाईच नाही,” काका हसत म्हणाले. त्या हसण्यात मला सामील होता आलं नाही. हा समज एकट्या रायपूरचा नव्हता. ज्यांच्यासाठी मोहीम आखायची त्यांना बैठकीला बोलावलंच नाही, तर असंच होणार.

मुंबईत अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. बाहेरच्याने उपदेश करण्याऐवजी आपल्यातलाच कुणी आपल्याशी बोलेल, ही तिथली रीत. त्याच सुमारास अमेरिकेत सरकारी पैसा हवा असेल तर राज्यांनी प्रतिबंधाची आखणी बाधित समाजांना सोबत घेऊन करावी, अशी अट आली. तिथेही स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या कितीतरी पुरुषांना ‘गे’ ही ओळख आपली वाटत नव्हती. गोऱ्यांसाठी लिहिलेली पत्रकं त्यांच्या हाती देऊन काय उपयोग? सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात त्यांनी १९९३ मध्ये स्वतःची संस्था काढली.

आपल्याकडे हे काम करणंही धोक्याचं होतं. २००१ मध्ये लखनौला अशाच कार्यकर्त्यांना समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लावून पोलिसांनी पकडलं. ते ४७ दिवस कोठडीत होते. रायपूरला ती बातमी आल्यावर काकांनी खिशात निरोध ठेवणं सोडलं. रोग टाळायचा की पोलीस, याचा हिशेब माणसाला असा करावा लागला.

२००७ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू झाला आणि समाजातल्याच माणसांना कामात घेण्यावर भर आला. काकांना एका संस्थेने बैठकीला बोलावलं. साहेबांनी शहराचा नकाशा पसरला. त्यावर चौक होते, तलाव होते, वेळा नव्हत्या. काकांनी आपली वही काढली: कुठल्या जागी आठनंतर गर्दी, कुठे फक्त बाजाराच्या दिवशी, गणपतीत कुठे कुणी फिरकत नाही, कुणाचा शब्द पोरं ऐकतात. नावं नव्हती, खुणा होत्या. तपासणी दुपारी ठेवलीत तर लग्न झालेला दुकानदार येणार कसा, असं त्यांनी विचारलं. नुसता निरोध देता, सोबत वंगण का नाही, हेही विचारलं. “सगळे खाली बघायला लागले. एक डॉक्टरीणबाई तेवढ्या लिहून घेत होत्या,” काका म्हणाले. मला त्या बाईंना एकदा भेटायचं आहे.

नंतरचं भराभर झालं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ पासून दिलासा दिला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा दिला. याच रायपूरच्या विद्या राजपूत आणि त्यांची मितवा संस्था तृतीयपंथीयांसाठी उघडपणे उभी राहिली. २०२१ मध्ये छत्तीसगड पोलिसांत १३ तृतीयपंथी शिपाई निवडले गेले. ज्या खाकीला काका भ्यायचे, तीच!

परवा ते पुन्हा एका बैठकीला जाऊन आले. भेटीगाठी आता फोनवरच्या अॅपवर ठरतात, बागेतल्या बाकांचा हिशेब जुना झाला, असं तरुण मंडळींनी त्यांना समजावलं. काकांनी ते मान्य केलं आणि विचारलं, “साठीच्या पुढचे आम्ही तुमच्या कुठल्या यादीत?” त्यावर खूप वेळ वाद झाला म्हणे. पुढच्या बैठकीला त्यांना नवी वही हवी आहे, शंभरपानी.